एका प्रथिनाचा पाठपुरावा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विद्यार्थ्यांना नेहमी एक गोष्ट सांगत: विषय लहान घ्या, पण त्याच्या तळाशी जा. म्हणून आज मी फार लहान विषय घेऊन आलो आहे. तो करंगळीच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या कुपीत मावतो. कुपीच्या तळाशी पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो आणि त्यात एकच प्रथिन असतं. कुपी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात आणि काम असेल तेव्हाच बाहेर काढतात. वरच्या चिठ्ठीवर प्रथिनाचं नाव असतं, आरपीएस-१९. खाली लिहिलेलं असतं: मानवी, रिकॉम्बिनंट, इ. कोलाय जीवाणूमध्ये तयार केलेलं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: केवळ संशोधनासाठी.

या प्रत्येक शब्दामागे मोठा इतिहास आहे. प्रथिन माणसाचं आहे, पण ते बनलंय एका जीवाणूच्या पोटात. शिवाय ते रायबोसोमचा भाग आहे, आणि प्रथिनं बनवतो तोच रायबोसोम. म्हणजे जीवाणूच्या रायबोसोमकडून आपण माणसाच्या रायबोसोमचा एक तुकडा करवून घेतला. हे प्रत्यक्षात घडतं, रोज घडतं, आणि ते घडतं म्हणून एका दुर्मीळ आजाराच्या मुळाशी आपण पोहोचू शकलो.

आधी रायबोसोमबद्दल थोडं. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पलाडे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत दाट, बारीक कण पसरलेले दिसले. तेच पुढे रायबोसोम म्हणून ओळखले गेले. जनुकातला मजकूर आरएनएच्या रूपाने रायबोसोमपर्यंत येतो आणि तिथे त्याचं प्रथिनात रूपांतर होतं. माणसाच्या रायबोसोमचे दोन भाग असतात, एक लहान आणि एक मोठा. दोन्ही मिळून आरएनएचे चार धागे आणि सुमारे ८० वेगवेगळी प्रथिनं. लहान भागात ३३ प्रथिनं आहेत आणि आपलं आरपीएस-१९ त्यांतलंच एक. ते १४५ अमिनो आम्लांचं आहे, म्हणजे प्रथिनांच्या जगात तसं छोटंच. जीवाणूचा रायबोसोम सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लं जोडतो, त्यामुळे आरपीएस-१९ ची एक प्रत बनवायला त्याला दहा सेकंदही लागत नाहीत. माणसाच्या पेशीतला रायबोसोम सावकाश चालतो. त्याला साधारण अर्धं मिनिट लागतं.

२००० साली रायबोसोमचा अणूअणू दिसेल इतका स्पष्ट नकाशा हाती आला. अ‍ॅडा योनाथ यांनी १९८० पासून रायबोसोमचे स्फटिक तयार करण्याचा ध्यास घेतला होता. येल विद्यापीठात थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने मोठ्या भागाची रचना उलगडली. केंब्रिजमध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने लहान भागाची उलगडली. योनाथ, स्टाइट्झ आणि रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल मिळालं. रामकृष्णन वाढले बडोद्यात, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. बडोदं आपल्याला काही परकं नाही, म्हणून हे आवर्जून सांगितलं.

त्या नकाशाने एक मोठा धक्का दिला. अमिनो आम्लं जिथे एकमेकांना जोडली जातात त्या जागेपासून १८ अँगस्ट्रॉमच्या आत एकही प्रथिन सापडलं नाही. जोडणीचं काम आरएनए करतो. मग ही ८० प्रथिनं तिथे काय करतात? वरवर पाहणाऱ्याला वाटलं असतं की ती नुसती टेकू म्हणून आहेत. पण याचं दुसरं उत्तर रायबोसोमच्या नकाशाच्या एक वर्ष आधीच आलं होतं, आणि ते आजारी मुलांकडून आलं होतं.

१९३८ मध्ये बोस्टनच्या लुई डायमंड आणि केनेथ ब्लॅकफॅन यांनी एका वेगळ्याच रक्तक्षयाची नोंद केली. बाळ जन्मतं, आणि पहिल्या वर्षाच्या आतच पांढरंफटक पडू लागतं. बाकीच्या रक्तपेशी बहुतेक ठीक असतात, पण अस्थिमज्जेत तांबड्या पेशी तयारच होत नाहीत. काही बाळांच्या अंगठ्यात एखादं जास्तीचं पेर असतं, काहींच्या हृदयात दोष असतो. दहा लाख जन्मांमागे पाच ते सात बाळांना हा आजार होतो. त्यातली अनेक मुलं स्टेरॉइडच्या आधाराने तग धरतात. ज्यांना स्टेरॉइड लागू पडत नाही, त्यांना आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. चढवलेल्या रक्तातलं लोह यकृतात आणि हृदयात साचत जातं आणि ते बाहेर काढण्यासाठी वेगळी औषधं घ्यावी लागतात. ज्या घरात असं मूल आहे, त्या घराचं सगळं वेळापत्रक रक्तपेढीभोवती फिरतं.

साठ वर्षं या आजाराचं कारण अंधारात होतं. मग स्वीडनमधल्या एका मुलीच्या गुणसूत्रांत एक विलक्षण गोष्ट दिसली. तिच्या एक्स गुणसूत्राचा आणि १९ व्या गुणसूत्राचा एकेक तुकडा तुटून त्यांची अदलाबदल झाली होती. १९ वं गुणसूत्र नेमकं कुठे तुटलं, हे शोधत उप्सालाचे संशोधक एका जनुकापाशी पोहोचले. ते होतं आरपीएस-१९ चं जनुक. १९९९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. या आजाराच्या सुमारे चतुर्थांश रुग्णांत याच जनुकात बिघाड सापडतो. पुढे वीसहून अधिक रायबोसोमी प्रथिनांच्या जनुकांत असेच बिघाड सापडले.

जीवशास्त्रज्ञांना हे सहजासहजी पचलं नाही. रायबोसोम सगळ्या पेशींत असतो, मग बिघाड रक्तातच का? शिवाय प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या मुलांत एकच प्रत बिघडलेली असते. म्हणजे निम्मं प्रथिन तर बनतंच.

हे निम्मं प्रथिन का पुरत नाही, ते पंगतीवरून समजून घेता येईल. पानावर वाढायचे सगळे पदार्थ तयार आहेत, पण एक पदार्थ निम्माच शिजला, आणि नियम असा की पान पूर्ण वाढल्याशिवाय कुणीही घास घ्यायचा नाही. मग जितक्यांना तो पदार्थ पुरेल, तितकीच पानं उठतील. बाकी सगळं अन्न तयार असूनही वाया जाईल. रायबोसोमच्या लहान भागाचं असंच आहे. ३३ पैकी एक जरी कमी पडलं तरी जुळणी अडते. आरपीएस-१९ नसेल तर लहान भागाचा आरएनए कापून नीट तयार होत नाही आणि अर्धवट तुकडे साचून राहतात. वाढणारी मानवी पेशी मिनिटाला साडेसात हजारांच्या घरात रायबोसोमचे भाग बनवते. तिथे निम्म्याची तूट म्हणजे किती मोठी तूट, याचा अंदाज येईल.

आणि रक्तच का, याचंही उत्तर हळूहळू आकाराला येत आहे. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. एकेका पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू भरायचे असतात. इतकं प्रथिन इतक्या कमी वेळात बनवणाऱ्या पेशी शरीरात दुसऱ्या क्वचितच. रायबोसोमची तूट सर्वांत आधी तिथेच जाणवणार. शिवाय जुळणी अडली की न वापरलेली काही रायबोसोमी प्रथिनं एमडीएम-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतात. त्यामुळे पी-५३ हा पेशीचा पहारेकरी जागा होतो आणि पेशीची वाढच थांबवतो. तांबड्या पेशी घडवणारं गाटा-१ हे प्रथिनही या तुटीत पुरेसं बनत नाही, असं २०१४ च्या सुमारास दिसून आलं.

आता कुपीकडे वळतो. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण वर्तमानपत्रांत शोधाची बातमी येते, पण ज्या कामावर तो शोध उभा असतो ते काम सहसा कुठे छापून येत नाही.

मानवी रायबोसोममधून एकच प्रथिन वेगळं काढता येतं, पण त्यासाठी सगळा रायबोसोम तीव्र रसायनांनी उसवावा लागतो आणि मिळतं ते अगदी थोडं. म्हणून आपण जनुक उचलतो. मानवी जनुकात मधेमधे निरुपयोगी वाटणारे लांब पट्टे असतात. ते काढून टाकणं जीवाणूला जमत नाही. म्हणून आधीच कापून-जोडून तयार झालेल्या आरएनएवरून डीएनएची नक्कल करून घेतात. आरपीएस-१९ साठी ही नक्कल साडेचारशे अक्षरांचीसुद्धा नाही. ती प्लाझ्मिड नावाच्या गोल डीएनएत बसवतात आणि प्लाझ्मिड जीवाणूत सोडतात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम स्टडियर आणि बार्बरा मोफॅट यांनी अशी व्यवस्था केली की टी-७ या विषाणूचं एक विकर जीवाणूत बसवायचं. ते विकर फक्त आपण दिलेल्या जनुकाचीच नक्कल प्रचंड वेगाने काढतं. जगभरच्या प्रयोगशाळांत आज बहुतेक जण हीच पद्धत वापरतात. रामकृष्णनही त्या काळात ब्रुकहेवनमध्येच होते. संपूर्ण रायबोसोमकडे वळण्याआधी ते एकेक रायबोसोमी प्रथिन वेगळं बनवून त्याची रचना शोधत होते. स्टीफन व्हाइट यांच्यासह त्यांनी उलगडलेली एस-५ या जीवाणू-प्रथिनाची रचना १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. नोबेलच्या वाटेवरचा हा टप्पा फारसा सांगितला जात नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

तर कल्चर वाढतं. फ्लास्क शेकरवर रात्रंदिवस हलत असतो आणि खोलीत इ. कोलायचा तो ओळखीचा उग्र वास भरतो. ठरावीक घनता आली की आयपीटीजी नावाचं रसायन घालून जनुक चालू करतात. ३७ अंशांवर प्रथिन भराभर बनतं, पण इतक्या घाईत त्याची घडी नीट बसत नाही आणि ते पेशीतच गोळा होऊन बसतं. म्हणून तापमान १६ ते १८ अंशांवर उतरवून रात्रभर थांबतात. आणखी एक अडचण आहे. रायबोसोमी प्रथिनांत लायसीन आणि अर्जिनीन ही धनभारित अमिनो आम्लं भरपूर असतात. अर्जिनीनसाठी आपली जनुकं एजीए, एजीजी हे संकेत सर्रास वापरतात, तर इ. कोलाय ते क्वचितच वापरतो. त्याच्याकडे त्यांचे वाहक आरएनए अपुरे पडतात आणि प्रथिन अर्धवट तुटतं. मग ते वाहक जास्तीचे दिलेला खास वाण घ्यावा लागतो किंवा जनुकच नव्या संकेतांत लिहून घ्यावं लागतं.

पेशी फोडल्या की हजारो प्रथिनांच्या गर्दीतून आपलं एक निवडायचं. त्यासाठी प्रथिनाच्या टोकाला आधीच सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडून ठेवलेली असते. बाझेलच्या रोश कंपनीत एरिख होखुली आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही युक्ती काढली. हिस्टिडिन निकेलला धरतं, म्हणून निकेल लावलेल्या कॉलममधून सगळं मिश्रण सोडायचं. बाकीची प्रथिनं वाहून जातात, आपलं अडकून राहतं. मग इमिडाझोल घालून ते सोडवायचं. त्यानंतर जेल चालवायची, निळ्या रंगात बुडवायची आणि धुवायची. सोळा हजार डाल्टनच्या आसपास, शेपटीमुळे किंचित वर, एकच ठळक बँड आला की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते पाहण्यासारखं असतं.

पण एक बँड म्हणजे शुद्ध प्रथिन नव्हे, आणि रायबोसोमी प्रथिनांच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. या प्रथिनांचा जन्मच आरएनएला धरण्यासाठी झालेला आहे. जीवाणूची पेशी फुटताच त्याचा आरएनए आणि डीएनए त्यांना घट्ट चिकटतात, आणि निळ्या रंगात ते दिसत नाहीत. ते शोधायचे तर २६० आणि २८० नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण मोजायचं. शुद्ध प्रथिन असेल तर त्यांचं गुणोत्तर ०.६ च्या आसपास येतं. ते १ च्या वर गेलं की समजावं, कुपीत दुसऱ्याच कुणाचं तरी सामान भरलेलं आहे. मग जास्त मिठाचं द्रावण, न्यूक्लिएज विकर, हेपारिनचा कॉलम हे सगळं करावं लागतं. असं न केलेल्या प्रथिनावर कुणी लिहिलं की हे प्रथिन अमुक आरएनएला धरतं किंवा धरत नाही, तर त्या वाक्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून प्रथिन विकत घेताना माझा आग्रह असतो की चिठ्ठीवरच्या शुद्धतेच्या टक्क्यांवर थांबू नका. गुणोत्तर विचारा, शेपटी कुठल्या टोकाला आहे ते विचारा, आणि ती काढून टाकली आहे का तेही विचारा.

नावाचीही खातरजमा करून घ्यावी. जीवाणूच्या रायबोसोममध्येही एस-१९ नावाचं प्रथिन आहे, पण त्याचं नातं मानवी आरपीएस-१५ शी आहे, आपल्या आरपीएस-१९ शी नाही. आरपीएस-१९ ला जीवाणूत भाऊच नाही. २०१४ मध्ये सगळ्यांसाठी एकच नामावली ठरली आणि त्यात आपलं प्रथिन ईएस-१९ झालं. कॅटलॉगांत मात्र दोन्ही नावं अजून शेजारी-शेजारी नांदतात.

जीवाणूत भाऊ नसला तरी आर्किया या प्राचीन सूक्ष्मजीवांत आहे, आणि त्याची मोठी मदत झाली. समुद्राच्या तळाशी उकळत्या झऱ्यांजवळ राहणाऱ्या पायरोकोकस अबिसी या सूक्ष्मजीवाचं हेच प्रथिन इ. कोलायमध्ये बनवून २००७ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याची रचना पाहिली. उष्णतेत जगणाऱ्या जिवांची प्रथिनं टणक असतात, ती स्फटिक व्हायला सोपी. त्या रचनेवर आजारी मुलांमधले बदल टिपून पाहिले तेव्हा त्यांचे दोन गट पडले. काही बदल प्रथिनाच्या गाभ्यात होते. त्यांनी घडीच विस्कटते आणि प्रथिन टिकत नाही. दुसरे बदल पृष्ठभागावर होते. त्यात प्रथिन नीट घडतं, टिकतं, पण रायबोसोममध्ये आपली जागा घेऊ शकत नाही. ६२ व्या स्थानावरचं अर्जिनीन बदलणं हा त्यातला ठळक बदल, कारण तो अनेक कुटुंबांत पुन्हापुन्हा सापडतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या आजारात दोन वेगळ्या घटना घडत असतात. ही गोष्ट कुणाचंही रक्त तपासून कळली नसती. त्यासाठी एकटं, सुटं केलेलं प्रथिनच हवं होतं.

तरीही या कुपीच्या मर्यादा आहेत. १९६८ मध्ये पीटर ट्राउब आणि मासायासु नोमुरा यांनी जीवाणूच्या रायबोसोमचा लहान भाग सुटा करून, त्याचा आरएनए आणि २१ प्रथिनं एका नळीत योग्य तापमानाला ठेवली. तो भाग आपोआप पुन्हा जुळला आणि काम करू लागला. १९९९ मध्ये ग्लोरिया कल्व्हर आणि हॅरी नोलर यांनी तेच संपूर्णपणे रिकॉम्बिनंट प्रथिनं वापरून करून दाखवलं. ही मला आपल्या शास्त्रातली फार सुंदर घटना वाटते. मानवी रायबोसोमचं असं होत नाही. त्याच्या जुळणीला पेशीकेंद्रकात दोनशेहून अधिक मदतनीस प्रथिनं लागतात, आणि ती आळीपाळीने येऊन काम करून निघून जातात. त्यामुळे कुपीतलं आरपीएस-१९ हे खरोखर एकटं असतं. त्याच्याकडून घडी, टिकाऊपणा, आरएनएशी पकड या गोष्टी शिकता येतात. जुळणीची सगळी हकीकत मात्र जिवंत पेशीतच पाहावी लागते.

रायबोसोमबाहेर आरपीएस-१९ काय करतं, याचं संशोधनही आहे. जपानमधल्या कुमामोतो विद्यापीठात १९९६ मध्ये असं दिसलं की त्याचे दोन रेणू एकमेकांना जोडले गेले तर ते मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना स्वतःकडे खेचतात. असे प्रयोग रिकॉम्बिनंट प्रथिनावर करताना फार जपावं लागतं. इ. कोलायच्या कवचातलं एंडोटॉक्सिन अगदी सूक्ष्म प्रमाणात राहिलं तरी मोनोसाइट खवळतात. मग प्रतिक्रिया प्रथिनाची की एंडोटॉक्सिनची, हे कसं सांगणार? म्हणून एंडोटॉक्सिन मोजून, प्रथिन उकळून आणि पुन्हा तपासून मगच काही म्हणावं. उकळल्यावर प्रथिन बिघडतं, एंडोटॉक्सिन बहुतांशी तसंच राहतं. उकळूनही परिणाम कायम राहिला तर तो प्रथिनाचा नव्हे.

ही कुपी औषध का नाही, हे पालक विचारतात, आणि त्यांना नीट उत्तर मिळायला हवं. प्रथिन रक्तात सोडलं तर ते पेशीच्या आत, पेशीकेंद्रकात, जुळणी चालते त्या जागेपर्यंत पोहोचत नाही. तिथे ते पेशीनेच बनवायला हवं. म्हणून उपचाराचा शोध जनुकाकडे वळतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात आरपीएस-१९ ची तूट असलेल्या उंदरांच्या मज्जापेशींत विषाणूवाहकामार्फत चांगलं जनुक घातल्यावर त्यांचा रक्तक्षय बरा झाला. मुलांपर्यंत हे सुरक्षितपणे पोहोचायला वेळ लागणार आहे. दरम्यान स्टेरॉइड नेमकं कोणत्या वाटेने काम करतं, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. त्यामुळे ते कुणाला लागू पडेल आणि कुणाला नाही, हे आधी सांगता येत नाही.

काही रायबोसोमी प्रथिनं मात्र प्रयोगशाळेच्या बाहेर पडून रुग्णाच्या कामी आली आहेत. ल्युपस या आजारात शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मोठ्या भागातली पी-०, पी-१ आणि पी-२ ही तीन प्रथिनं अशा प्रतिपिंडांचं लक्ष्य असतात. तिघांच्या शेवटाचा बावीस अमिनो आम्लांचा पट्टा जवळजवळ सारखा असतो, आणि बहुतेक प्रतिपिंडं त्यालाच धरतात. ही प्रतिपिंडं शोधण्याच्या तपासणीत रिकॉम्बिनंट पी-प्रथिनं वापरली जातात. तिथे शुद्धता कमी पडली तर चुकीचा अहवाल सरळ एखाद्या माणसाच्या हातात जातो.

आता एक शेवटची, कामाची गोष्ट. ही प्रथिनं आपण बहुतेक वेळा परदेशातून मागवतो. कोरड्या बर्फात येतात, महाग पडतात, आणि वाटेत बर्फ संपला तर खराब होतात. ज्या महाविद्यालयात शेकर, सेंट्रिफ्यूज आणि जेल चालवायची सोय आहे, तिथे जैवसुरक्षा समितीची परवानगी घेऊन आरपीएस-१९ बनवता येतं. मला वाटतं, एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी दोन प्रथिनं शेजारी-शेजारी बनवावीत, एक नेहमीचं आणि एक ६२ वं अर्जिनीन बदललेलं. दोन्हींची शुद्धता मोजावी, तापमान वाढवत नेऊन घडी कधी सुटते ते पाहावं, आणि आरएनएशी पकड तपासावी. एका सत्रात होणारं काम आहे, आणि त्यातून मुलांना पुस्तकातल्या चार प्रकरणांपेक्षा जास्त कळेल. अ‍ॅडजीनसारखी ना-नफा संस्था २००४ पासून जगभर प्लाझ्मिड वाटत आली आहे. आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतही तसं व्हायला हरकत नाही. आमच्याकडची दोन्ही प्लाझ्मिडं आणि शुद्धीकरणाची पायरीपायरीने मराठीत लिहिलेली पद्धत मी सोबत आणली आहे. ज्या प्राध्यापकांना हवी असेल त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावं. पहिल्या खेपेला जेल चालवायला मी स्वतः येईन.